घर झाडा, बाग झाडू नका

नवरात्र जवळ आले की घरोघर झाडाझूड सुरू होते. गोधड्या धुतल्या जातात. माळ्यावरची भांडी खाली येतात. कोपऱ्यातली कोळिष्टके निघतात. भिंतीला रंग लागतो. घर स्वच्छ झाले की मनालाही बरे वाटते. ही चाल चांगली आहे. ती मोडू नका.

पण घर झाडून झाले की आपला हात थांबत नाही. आपण अंगणाबाहेर जातो. कुंपणाकडेचे गवत कापतो. तेरडा उपटतो. झाडाखालचा पाला गोळा करतो आणि काडी लावतो. धूर निघतो, राख उरते. मग आपण म्हणतो, "वा! जागा कशी आरशासारखी झाली!"

आम्हीही पस्तीस वर्षे हेच करीत होतो. आम्ही शाळेत मास्तर होतो, पुढे मुख्याध्यापक झालो. शाळेची बाग आम्ही मुलांकडून अशी झाडून घेत असू की एक काडी दिसायची नाही. ती आमची चूक होती. ती कशी कळली, तेच आज सांगायचे आहे.

शरद कसा ओळखावा

आपले ऋतू सहा. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने शरदाचे. घटस्थापना, दसरा, कोजागिरी, दिवाळी हे सारे सण शरदातच येतात.

आम्ही खांदेश्वरला राहतो. मुंबईहून येताना पनवेलच्या आधीचे हे स्टेशन. येथे महादेवाचे देऊळ आहे आणि देवळाजवळ तलाव आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसू लागली. त्याआधी या बाजूला भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाडी होती. तेव्हा शरद आला हे कुणाला सांगावे लागत नसे. हळवे भात पिवळे पडे. बांधावर कुर्डू फुले. विळ्यांना धार लागे. दसऱ्याला नव्या लोंब्या दाराला बांधल्या जात.

आता बऱ्याच खाचरांच्या जागी इमारती आहेत. शहरातल्या माणसाला ऑक्टोबर म्हणजे नुसता उकाडा वाटतो. हा उकाडा का होतो, तेही समजून घ्या. पाऊस परतला की आभाळ मोकळे होते. ऊन थेट जमिनीवर पडते. जमीन तर ओलीच असते. त्या ओलीची वाफ वर येते आणि वारा पडलेला असतो. म्हणून घामाच्या धारा लागतात. पुढे कार्तिक लागला की हवा कोरडी होते आणि पहाटे गारवा येतो.

पण शरद म्हणजे एवढेच नव्हे. चार महिन्यांच्या पावसावर जे जे वाढले, ते शरदात पिकते. शेतात भात पिकते, तसे रानात गवत पिकते. शेतकऱ्याचा सुगीचा काळ तोच रानाचाही सुगीचा काळ. ही गोष्ट आम्हाला शहरातल्या एका बागेत कळली.

कचऱ्यावर उभे राहिलेले रान

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या रात्रीच्या वर्गातली दहाबारा माणसे घेऊन आम्ही मुंबईला निघालो. दसरा होऊन चार दिवस झाले होते. खांदेश्वरला गाडीत बसलो, कुर्ल्याला गाडी बदलली आणि पुढच्याच स्टेशनला, शीवला, उतरलो. तेथून धारावीच्या बाजूला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मिठी नदीच्या काठाला ते लागून आहे. नदीच्या कडेने तिवरांचे रान आहे.

आत शिरलो आणि वर्गातल्या एक मावशी थबकल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ही बाग आहे का रान? हिरवळ कुठाय? कारंजं कुठाय?"

मावशींचा प्रश्न बरोबर होता. बागा दोन तऱ्हेच्या असतात. एका बागेत सारे कापून, छाटून, रांगेत लावलेले असते. गवत वाढू देत नाहीत. पाला दिसला की उचलतात. दुसऱ्या तऱ्हेची बाग रानासारखी असते. तिथे मोठे झाड, त्याखाली लहान झाड, त्याखाली झुडूप, त्याखाली गवत, असे थर असतात. झाडे माणूसच लावतो, पण पुढे त्यांना त्यांच्या वळणाने वाढू देतो. निसर्ग उद्यान या दुसऱ्या तऱ्हेचे आहे.

या जागेची कथा ऐकण्यासारखी आहे. येथे पूर्वी मुंबईचा कचरा टाकीत असत. ढीगच्या ढीग साठले होते. त्या कचऱ्यावर माती टाकून रान उभे करायचे ठरले. पक्ष्यांचे मोठे जाणकार डॉ. सालिम अली यांच्या हस्ते १९८३ साली येथे पहिले रोप लागले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हे काम पुढे नेले. १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. उद्यान ३७ एकरांचे आहे. ज्या जागेवर नाक धरून जावे लागे, तिथे आज सावली आहे, पाखरे आहेत, फुलपाखरे आहेत.

मावशींना हे सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उकिरड्याचं रान झालं. म्हणजे आपल्या परसाचंबी होईल की!"

वाळले म्हणजे मेले नव्हे

पायवाटेच्या कडेला गवत कमरेएवढे वाढले होते. वरून वाळून पिवळे पडले होते. आमच्यातला एकजण म्हणाला, "हे कापत का नाहीत? वाया गेलं."

तेवढ्यात त्या गवतात हालचाल झाली. चिमणीपेक्षा लहान, तपकिरी रंगाची चारपाच पाखरे काडीवर लोंबत बसली होती. पोटावर पांढरे ठिपके. या मनोल्या. त्या गवताचे बी खात होत्या. एक मनोली लांब पाते चोचीत धरून उडून गेली. गवताच्याच पात्यांचे गोल घरटे मनोली बांधते. म्हणजे ते गवत तिचे धान्य होते आणि घराचे सामानही. आपल्याला जे वाया गेलेले दिसत होते, ते कुणाचे तरी भरलेले कोठार होते.

शरदातल्या रानात अशी कोठारे जागोजाग असतात. थोडी उदाहरणे सांगतो. ती तुमच्या गावातही दिसतील.

तेरडा घ्या. "तेरड्याचा रंग तीन दिवस" असे आपण म्हणतो. पण रंग गेला तरी तेरड्याचे काम संपत नाही. फुलाच्या जागी फुगीर शेंग येते. ती पिकली की बोट लागताच फुटते आणि बी लांब उडते. तेच बी पुढल्या पावसात उगवते. शेंग पिकण्याआधी तेरडा उपटला तर पुढल्या वर्षी तिथे तेरडा कुठून येणार?

खुळखुळा घ्या. पिवळ्या फुलांचे हे झुडूप. शेंग वाळली की आतले बी खुळखुळ वाजते, म्हणून हे नाव. आपण त्याला तण समजून उपटतो. पण वाळक्या खुळखुळ्यावर शरदात फुलपाखरे दाटी करतात. त्यात नर फुलपाखरे पुष्कळ असतात. ती वाळक्या काडीतला रस शोषतात. त्या रसापासून त्यांच्या अंगात एक गंध तयार होतो. त्या गंधाने मादी जवळ येते. म्हणजे खुळखुळा उपटला तर फुलपाखरांची लग्ने मोडली म्हणायची!

रुई घ्या. तिच्या पानावर पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसते. आपण म्हणतो, कीड लागली. पण तिचेच पुढे तांबूस फुलपाखरू होते. महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंत या मोठ्या निळ्याकाळ्या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू ठरविले. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांची पाने खाऊन वाढते. अळी नको म्हटले तर फुलपाखरूही मिळत नाही.

आणि सातविणीला विसरू नका. तिच्या एका जागी बहुधा सात पाने असतात, म्हणून ती सातवीण. ऑक्टोबर संपता संपता तिला हिरवट पांढरी फुले येतात. रात्री वास दूरवर जातो. काहींना तो आवडतो, काहींचे डोके दुखते. पण शरद आला हे अंधारातही सांगणारे झाड तेच. पहाटे पारिजातकाचा सडा पडतो, तोही याच दिवसांत.

परदेशातला शरद

शरद साऱ्या जगात सारखा नसतो. थंड देशांत शरदात पाने पिवळी आणि लाल होतात व गळतात. तेथे पुढे बर्फ पडायचे असते. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही. म्हणून झाड आधीच पानातले कामाचे अन्न आत ओढून घेते. पानातले हिरवे द्रव्य जाते आणि आतला पिवळा रंग दिसू लागतो. मग पान गळते. तेथली माणसे हा रंग पाहायला मुद्दाम रानात जातात.

आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे टंचाई पडते ती उन्हाळ्यात. म्हणून साग, पळस, काटेसावर ही आपली झाडे शिशिराच्या सुमारास पाने गाळतात. आपला शरद पानगळीचा नव्हे, तो बी धरण्याचा.

तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात उंच खांबांवरून जाणारा मालगाडीचा रस्ता होता. तो १९३४ साली सुरू झाला. १९८० नंतर त्यावरून गाडी गेली नाही. मग रुळांमध्ये गवत आणि रानफुले आपोआप उगवली. काहीजण म्हणत, हे पाडून टाका. काहीजण म्हणाले, पाडू नका, याची बाग करू. २००९ साली त्या बागेचा पहिला भाग लोकांना खुला झाला. आज ती सुमारे सव्वादोन किलोमीटर लांब आहे. तेथे काय लावायचे ते पीट आउडॉल्फ या हॉलंडच्या माळ्याने ठरविले. माळी मोठा, पण त्याचे म्हणणे साधे. फूल जसे पाहण्यासारखे असते, तसा वाळका देठ आणि बियांचा तुराही पाहण्यासारखा असतो. म्हणून त्या बागेत शरदात झाडू फिरत नाही. वाळकी झुडपे थंडीभर उभी ठेवतात आणि मार्च महिन्यात कापतात. पाखरांना बी मिळते, किड्यांना निवारा मिळतो.

तिकडे टाकलेला रेल्वेरस्ता, इकडे कचऱ्याची जागा. दोन्ही ठिकाणी माणसाने हात थोडा आवरला आणि रान परत आले.

आमच्या हातून गेलेले झाड

उद्यानात एक आपटा दिसला. लहानसेच झाड, पण पानांनी भरलेले. दसऱ्याला चार दिवस झाले होते, तरी त्याची एक फांदी मोडलेली नव्हती. आम्ही तिथे उभे राहिलो. आम्हाला आमच्या शाळेतला आपटा आठवला.

तो आम्ही नोकरीच्या सुरुवातीला मुलांबरोबर लावला होता. पाच-सहा वर्षांत तो डोक्याच्या वर गेला. मग दसऱ्याला गावातली माणसे येऊ लागली. "मास्तर, सोनं द्या." आम्ही आनंदाने द्यायचो. पाने तोडायला वेळ लागतो, म्हणून लोक फांद्या मोडू लागले. दरवर्षी झाडाचा खराटा व्हायचा. वर आम्ही काय करायचो? खाली पडलेला पाला झाडून तिथेच बुंध्याजवळ पेटवायचो. जागा स्वच्छ दिसायला हवी ना! बुंध्याची एका बाजूची साल काळी पडली. आम्ही पाहिले, पण मनावर घेतले नाही.

पान म्हणजे झाडाची चूल. उन्हाच्या मदतीने झाड पानात अन्न शिजवते. पावसाळ्यानंतर आभाळ मोकळे होते, ऊन भरपूर, जमिनीत ओल भरपूर. झाडाने वर्षाची बेगमी करायची ती याच दिवसांत. नेमकी त्याच दिवसांत आम्ही त्याची चूल मोडत होतो. बारा-तेरा वर्षांत ते झाड वाळले. त्याचे सरपण झाले. मुले विचारीत, "गुरुजी, आपला आपटा कशानं गेला?" आम्ही म्हणालो, "कीड लागली असेल." ते खरे नव्हते. ही गोष्ट मुलांना आम्ही कधीच खरी सांगितली नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, या झाडाला देऊ का नमस्कार? सोनं नको, नमस्कारच बरा." त्यांनी पान तोडले नाही. झाडाला हात लावून नमस्कार केला. आमच्या मते त्या वर्षीचा खरा दसरा तोच.

तुम्ही काय कराल

तुमच्या मनात शंका येईल, गवत ठेवले तर साप येतील. शंका रास्त आहे. म्हणून घराला लागून गवत ठेवू नका. दार, वाट, पाणवठा आणि मुले खेळतात ती जागा साफच ठेवा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. करवंट्या, डबे, टायर यांत पाणी साचू देऊ नका. त्यात डेंग्यूचे डास वाढतात. ही साफसफाई केलीच पाहिजे. आम्ही बोलतो ते घरापासून दूरच्या कोपऱ्याबद्दल. परसाची कड, शाळेची मागची बाजू, तळ्याचा काठ, देवळामागची जागा.

तिथे एवढे करा.

एक. कोपऱ्यातले गवत दिवाळीपूर्वी कापू नका. बी पिकून खाली पडू द्या. गुरांसाठी हवे असेल तर अर्धे कापा, अर्धे ठेवा.

दोन. तेरडा, कुर्डू, खुळखुळा यांच्या शेंगा आणि तुरे वाळेपर्यंत त्यांना हात लावू नका.

तीन. पाला जाळू नका. शेतातल्या राबाची गोष्ट वेगळी. आम्ही सांगतो ते झाडाखालच्या पाल्याचे. तो झाडाखालीच पसरून ठेवला तर उन्हाळ्यात जमिनीची ओल टिकते, आणि पुढे कुजून त्याचेच खत होते. फारच झाला तर खड्डा करा. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. एक थर पाल्याचा, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती. असे थर भरत जा. वरून अधूनमधून पाणी शिंपडा. पुढल्या पावसाच्या आत काळे भुसभुशीत खत हाती येते. ते भोपळ्याच्या वेलाला घाला आणि फरक पाहा. शहरात तर उघड्यावर कचरा जाळणे गुन्हाच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरविला.

चार. दसऱ्याला आपट्याची फांदी मोडू नका, विकतही घेऊ नका. बाजारात कांचनाच्या फांद्याही आपटा म्हणून विकतात. आपट्याचे पान लहान आणि जाड, कांचनाचे मोठे. दोन्हीही झाडेच. घरात एक पान पुरे. सोने वाटायचेच असेल तर आपट्याचे बी जपून ठेवा आणि पावसाच्या तोंडाला एक रोप लावा.

तलावाकाठी कोजागिरी

त्या सहलीनंतर आमच्या वर्गाने खांदेश्वरला एक नेम धरला आहे. कोजागिरीला तलावाकाठी जमायचे. मसाल्याचे दूध घरून न्यायचे. कागदाचे पेले नेत नाही, प्रत्येकाने आपला पेला आणायचा. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मग वाचन थांबवून नुसते बसायचे. चंद्र पाण्यात दिसतो. कुठूनतरी सातविणीचा वास येतो. काठच्या गवतात रातकिडे ओरडतात.

गेल्या कोजागिरीला मावशींनी एक पुरचुंडी सोडली. आत तेरड्याचे बी होते. आपल्या परसातल्या वाळक्या तेरड्याचे त्यांनी जमवले होते. पुरचुंडीच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, "तेरडा. पावसात पेरणे." अक्षर वाकडे होते, पण काना-मात्रा एकही चुकला नव्हता.

आम्ही ती पुरचुंडी घरी आणून जपून ठेवली. पाऊस पडला तेव्हा कुंपणाजवळ पेरली. आता तिथे तेरडा फुलला आहे. या वर्षी घर झाडून झाले की आम्ही झाडू कोपऱ्यात उभा करणार आहोत. तुम्हीही तसेच करा.